पाच डिस्कची झोप

गेर्लोफ टेर्पस्त्राकडे पाच डिस्कचा डीव्हीडी प्लेअर होता आणि अख्ख्या गावात तसा तो एकच होता. एकच का, हे सांगायला फार वेळ लागत नाही. दुसऱ्या कुणालाच तो घ्यावासा वाटला नव्हता.

गेर्लोफने जन्मभर दुधाचा टँकर चालवला. नेदरलँड्समधल्या आमच्या फ्रिसलंडमध्ये गायींच्या आधी कोण उठतं असं विचारलं तर टँकरवाला, असं उत्तर मिळेल. कोंबडं आरवायच्या आत कुठल्या तरी शेतकऱ्याच्या अंगणात पाइप जोडत उभं राहायचं, थंडीत बोटं सोलून निघायची, आणि घरी येऊन जेवायला बसलं की वाढून घेईस्तोवर डोळे मिटायचे. निवृत्तीच्या वेळी सोबतच्या ड्रायव्हरांनी विचारलं, "बोल, काय देऊ तुला?" तेव्हा त्याने दुकानाच्या जाहिरातीच्या कागदावर बोट ठेवलं. रुंद, काळं, जडशीळ धूड. बटण दाबलं की भलामोठा खण बाहेर यायचा, आत परातीसारखं फिरतं चक्र आणि चक्रावर पाच खळगे. एक डिस्क संपली की चक्र आपोआप फिरून पुढची लागणार.

"आयुष्यभर काळोखात उठलास," त्याची बायको वित्स्के म्हणाली, "आता डिस्क बदलायलासुद्धा उठायचं नाही का रे तुला?"

"नाही उठायचं," गेर्लोफ म्हणाला.

समोरच्या घरातली हिंके खास यंत्र बघायला आली. "पाच डिस्क? गेर्लोफ, डोळे तर तुला दोनच आहेत!"

पहिली काही वर्षं यंत्राने त्यांना ठरवून छळलं. सुरू केलं की ते आधी सगळे खळगे तपासायचं. एकेका रिकाम्या खळग्यापाशी खर्र-खट, खर्र-खट करत थांबायचं, आणि खरी डिस्क सापडेपर्यंत कॉफी थंड व्हायची. एकदा पडद्यावर जर्मन अक्षरं उमटली ती काही केल्या जाईनात. सोबतची पुस्तिका पंधरावीस भाषांत होती, पण त्यात आमची फ्रिशियन नव्हती. हा अपमान गेर्लोफने मनाला लावून घेतला आणि ती पुस्तिका पुन्हा उघडली नाही. तशीही दोघं मिळून एका वेळी एकच डिस्क बघायची. चार खळगे नुसतेच फिरत राहायचे.

मग वित्स्केचं विसरणं सुरू झालं.

ती बेकरीच्या गल्ल्यावर उभी राहिलेली बाई. कुणाला कुठला पाव लागतो, कुणाच्या सासूचं पथ्य काय, सगळं तोंडपाठ. आधी माणसांची नावं गेली, मग किल्ल्या कुठे ठेवल्या ते, आणि शेवटी दिवस कुठला आणि रात्र कुठली तेही गेलं. रात्री ती उठून बसायची, अंगात कोट चढवायची आणि दुकान उघडायला निघायची. गेर्लोफ तिच्याशी कधी भांडला नाही. तो तिच्या मागून फाटकापर्यंत जायचा, "आज सुट्टी आहे ग," म्हणायचा, आणि तिला परत आणून निजवायचा. जरा डोळा लागतोय तोवर ती पुन्हा उठलेली. दिवसाही ती एका जागी बसत नसे. गॅसची बटणं फिरव, कपाटं उपस, दाराशी जा.

माणूस किती दिवस असं काढेल? गेर्लोफ दुकानात पैसे द्यायच्या रांगेत उभ्याउभ्या झोपायला लागला. एकदा त्याने कॉफीची पूड खिडकीतल्या कुंडीत ओतली आणि आपण काय केलं ते बराच वेळ त्याच्या ध्यानात आलं नाही. अंग मोडून येणं वेगळं आणि हे वेगळं. हे हाडांत शिरलेलं दमणं होतं. कधीकधी त्याला वित्स्केचा इतका राग यायचा की तो मोरीत जाऊन नळ सोडून उभा राही, आणि मग त्या रागाचीच लाज वाटून तिच्यासाठी पावाला लोणी जास्त लावी.

पण कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं. "चालतंय." आमच्याकडे छप्पर उडालं तरी माणूस चालतंय म्हणतो आणि बाप गेला तरी चालतंय म्हणतो. नगरपालिकेची बाई मदत लागते का ते बघायला आली. त्या दिवशी वित्स्के केस विंचरून शहाण्यासारखी बसली, पाहुणीला बिस्किटाचा डबा पुढे केला, एक बिस्कीट घेऊ दिलं आणि झाकण लावून टाकलं, अगदी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे. "घरात कसं काय जमतं?" बाईने विचारलं. "चालतंय," गेर्लोफ म्हणाला. बाई कॉफी संपवून निघून गेली.

मुलगी मारित झ्वोले शहरात असते. तिला मात्र हे चालतंय चालत नसे. शरद ऋतूत वित्स्के एकटी कालव्याच्या काठापर्यंत गेली आणि पोस्टमनने हात धरून परत आणली, तेव्हा मारित फोनवर म्हणाली, "बाबा, आईचं नाव मी एका वृद्धाश्रमात घालून ठेवलंय. पुन्हा असं काही झालं ना, तर मी तुम्हाला विचारणार नाही. सरळ तिथे फोन करणार."

"अग, पण..."

"पण नाही, बाबा. काहीतरी होऊन बसेल एक दिवस."

वित्स्के तिथे गेली तर परत यायची नाही, हे गेर्लोफला कळत होतं. तिथे तिला रात्री फाटकापर्यंत कोण जाऊ देणार? गोळी देऊन निजवतील. तिला घरातच ठेवायचं, एवढं एकच त्याने मनाशी धरलं होतं.

अशात एका सकाळी, निव्वळ हात टेकून, त्याने बर्फावरच्या स्केटिंगच्या शर्यतीची डिस्क लावली. अकरा शहरांची ती मोठी शर्यत, जुनं चित्रण. गेर्लोफ स्वतः त्या वर्षी शर्यतीत उतरला होता. हजारो माणसांत लोकरी टोपीखाली कुठेतरी तोही होता, पण कुठे, ते त्यालाही कधी सापडलं नव्हतं. वित्स्के मात्र खुर्चीच्या कडेवर आली.

"तो बघ. तो तूच ना?"

"नसेन ग."

"तूच आहेस. टोपी बघ की."

प्रत्येक टोपीला ती हेच म्हणाली. सबंध डिस्कभर जागची हलली नाही. डिस्क संपली आणि ती कोटाकडे निघाली, तेव्हा गेर्लोफला ते चार रिकामे खळगे आठवले.

दुसऱ्या दिवशी त्याने पाचही भरले. पहिल्यात शर्यत. दुसऱ्यात डोंगरातून जाणारी आगगाडी, ड्रायव्हरच्या जागेवरून घेतलेली, नुसते रूळ आणि बोगदे. तिसऱ्यात चर्चच्या गायकमंडळाचा कार्यक्रम, चौथ्यात समुद्रकाठचे पक्षी, पाचव्यात वित्स्केच्या बहिणीच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. डिस्क संपायची, यंत्र खर्र-खट करून चक्र फिरवायचं, आणि वित्स्के उठायच्या बेतात असतानाच त्या आवाजाकडे बघत पुन्हा टेकायची. न्याहारीनंतर सुरू केलं की दुपार उलटेपर्यंत ती खुर्चीत. गेर्लोफ वर गेला, नुसती पाठ टेकावी म्हणून. जागा झाला तेव्हा ऊन भिंतीवरून सरकून गेलं होतं. धावतच तो जिना उतरला, तर वित्स्के पक्षी बघत होती.

"शू," ती म्हणाली. "धाडधाड करू नकोस. उडतील ते."

तेव्हापासून तो रोज झोपू लागला. याबद्दल त्याने कुणालाही सांगितलं नाही. बायकोला यंत्राच्या हवाली करून नवरा वर घोरत पडतो, हे सांगायचं कुठल्या तोंडाने?

यंत्र मात्र म्हातारं होत चाललं होतं. तिसरा खळगा डिस्क वाचेना. गेर्लोफने गायकमंडळ पाचव्यात हलवलं आणि मेहुणीला घरी बसवलं. बारीक ब्रश लावलेली साफसफाईची डिस्क आणली. ती सुरुवातीला लागू पडली, मग तीच वाचायचं यंत्राने नाकारलं. डाव्या बाजूला थाप मारली की चालायचं, पण थापसुद्धा नेमकी बसावी लागे. शेवटी एक दिवस यंत्र मागच्या सीटवर आणि वित्स्के शेजारी, असा तो तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याकडे गेला.

"काका, सोडा हे," दुरुस्तीवाला म्हणाला. "असलं आता कुणी बनवत नाही. एका डिस्कचा घेऊन जा, छोटासा, मस्त चालतो."

"एकाचा नको."

"का? संपली की उठायचं आणि बदलायची. दोन पावलं तर चालायचं."

त्या दोन पावलांत गेर्लोफची सगळी झोप होती, पण ते त्या पोराला सांगणार कसं? मागे दुकानात वित्स्के एकेक वायर उचलून नीट घडी घालून ठेवत होती. दुरुस्तीवाल्याने तिच्याकडे बघितलं, मग यंत्र उघडलं, तेल सोडलं, पट्टा घट्ट केला आणि म्हणाला, "थोडे दिवस चालेल. पण माझा भरवसा नाही."

त्यानंतर खण मध्येच आपणहून बाहेर यायचा, घुटमळायचा आणि परत आत जायचा. गेर्लोफ वर पडल्यापडल्या कान लावून असे. बोगद्यातल्या गाडीचा आवाज आला की त्याचा जीव भांड्यात पडे आणि तो कुशीवर वळे.

मार्च महिन्यातला मंगळवार. वारा नुसता घोंगावत होता. रात्री वित्स्के दोनदा फाटकापर्यंत गेली होती आणि दुसऱ्या वेळी तिने गेर्लोफला ओळखलंच नव्हतं. सकाळी त्याने तिला पाव भरवला, डिस्क घातल्या, शर्यत लावली आणि कठड्याला धरून जिना चढला. बूट काढले की नाही हेही त्याला नंतर आठवेना.

आता आमच्या खिडक्यांविषयी एक सांगायला हवं. रस्त्याकडची खिडकी मोठी आणि पडदे सदा उघडे. पडदा ओढला म्हणजे आत काही लपवण्यासारखं आहे. त्यामुळे समोरच्या हिंकेला टेर्पस्त्रांच्या घरी आज शर्यत आहे की पक्षी, हे इस्त्री करताकरता दिसायचं. टीव्ही चालू आणि वित्स्के खुर्चीत, म्हणजे सगळं ठीक. हिंकेची त्यांच्याकडची कॉफी गुरुवारी ठरलेली होती, डायरीत लिहिलेली. न ठरवता आमच्याकडे कुणी कुणाची बेल वाजवत नाही. जिवाभावाची माणसंसुद्धा नाही. उलट तीच जास्त पाळतात.

त्या दिवशी आगगाडी संपली, खण बाहेर आला आणि अडकला. वित्स्के उठली. जन्मभर तिने अडकलेले ट्रे ओढून काढले होते, त्यामुळे तिने सहज चक्राखाली हात घातला. नेमका त्याच वेळी यंत्राने खण आत ओढला. तिची लग्नाची अंगठी आतल्या दात्यांत रुतली. खण अर्ध्यावर थांबला, बाहेर सरकू लागला, पुन्हा आत गेला, आणि दर खेपेला बोट थोडं अधिक खेचलं गेलं. यंत्राचं कपाट खिडकीला लागूनच होतं. वित्स्के तिथे वाकून उभी राहिली, एक हात यंत्रात, आणि दुसरा हात वर करून तिने खिडकीतून हलवला.

हिंकेने इस्त्री खाली ठेवली आणि हात हलवला.

काही वेळाने वित्स्केने पुन्हा हात केला. हिंकेनेही केला. तिसऱ्या वेळी तर हिंकेने हातातला टॉवेल झेंड्यासारखा फडकवला आणि लांबूनच मुका दिला. किती दिवसांनी वित्स्के अशी खुशीत आहे, तिला वाटलं. जाऊन यावं का, असंही क्षणभर मनात आलं. पण वार मंगळवार होता.

गेर्लोफला जाग आली ती शांततेने. खाली ना गाडी, ना पक्षी. फक्त खर्र, थोडं थांबून पुन्हा खर्र. तो जिन्यावरून जवळजवळ पडतच खाली आला.

वित्स्के त्याच्याकडे वळली. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. "उठलास?" एवढंच ती म्हणाली.

त्याने आधी वायर उपटली, मग दोन्ही हातांनी खण धरून मोडला. चक्र कडाडून फुटलं, पक्षी जमिनीवर घरंगळत गेले. बोट काळंनिळं पडलं होतं, वांग्यासारखं सुजलं होतं. तो तिचा हात थंड पाण्याखाली धरून उभा राहिला आणि हुंदके देऊन रडायला लागला. जन्मात असा रडला नव्हता. एवढ्यात दाराची बेल वाजली. हिंके होती, न ठरवता आलेली. तिने खिडकीतून गेर्लोफला यंत्र फोडताना पाहिलं होतं.

बोट बघताच तिच्या सगळं ध्यानात आलं. "मी हात हलवला, गेर्लोफ!" ती म्हणाली. "अरे देवा, ती बोलवत होती आणि मी दर वेळी हात हलवला!"

"तुला काय माहीत," गेर्लोफ म्हणाला.

डॉक्टरकडे अंगठी कापून काढावी लागली. बोट मोडलं नव्हतं. परतताना हिंकेच गाडी चालवत होती. ती हळूच म्हणाली, "मारितला बोट दारात सापडलं म्हणून सांग. मी काही बोलणार नाही."

गेर्लोफने मान हलवली. मारित रविवारी येणार होती. मधल्या दिवसांत तो जवळजवळ झोपला नाही. यंत्राचे तुकडे मागच्या खोलीत होते, वित्स्के पट्टी बांधलेला हात घेऊन घरभर फिरत होती आणि तो तिच्या मागे फिरत होता. फिरताफिरता तो वाक्य घोकत होता. दारात सापडलं. वारा होता. दार आपटलं.

रविवारी मारित ठरल्या वेळी साखरपाव घेऊन आली. हिंकेही होती, कारण गुरुवारची कॉफी त्या दिवशी ढकलली होती. मारितने कोट काढायच्या आधीच आईचा हात धरला.

"हे काय झालं?"

"चालतंय," गेर्लोफ म्हणाला.

"बाबा, मी काय झालं ते विचारतेय."

गेर्लोफने घोकलेलं वाक्य शोधलं. वारा होता, इथपर्यंत ते जिभेवर आलं. मग त्याने टीव्हीखालच्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि ते वाक्य त्याला उचलवेना.

"यंत्रात अडकला," तो म्हणाला. "मी वर झोपलो होतो. मी रोज झोपतो, मारित. हिला डिस्क लावून देतो आणि वर जाऊन झोपतो. मला होत नाही ग आता. मी फार थकलोय."

मारित भांडायची तयारी करून आली होती. याची तयारी तिच्याजवळ नव्हती. बापाच्या तोंडून थकलोय हा शब्द तिने आयुष्यात ऐकला नव्हता. ती तशीच, एक बाही घातलेली आणि एक काढलेली, खुर्चीत बसली.

"त्याला काही बोलू नकोस," हिंके घाईने म्हणाली. "चूक माझी आहे. ही खिडकीतून मदतीला बोलवत होती आणि मी मूर्खासारखी..."

"कुणी बोलवत नव्हतं तुला," वित्स्के म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती साखरपावातली साखर वेचत होती. तिचा आवाज गल्ल्यावरचा होता, रांग मोडणाऱ्या गिऱ्हाइकाला दटावतानाचा.

"येऊ नकोस, येऊ नकोस म्हणून हात हलवून हलवून दमले मी. तू बेल वाजवली असतीस. हा झोपला होता ना वर."

त्यातलं किती खरं होतं आणि किती तिच्या विसकटलेल्या डोक्याने नंतर जुळवलेलं, ते ठरवायला मार्ग नव्हता. वित्स्केने साखरेचा खडा तोंडात टाकला आणि पुन्हा पावाकडे वळली.

मारितने डोळे पुसले. "बाबा, मी उद्या फोन करते तिकडे."

"कर," गेर्लोफ म्हणाला.

"आणि आता तुम्ही वर जा. जरा पडा. मी बसते आईजवळ."

तो उठला, जिना चढला, बूट काढून पलंगावर पडला. खाली कपबश्यांचा आवाज झाला, आणि लगेच वित्स्के कुणाला तरी गप्प करताना ऐकू आली. मग घर अगदी शांत झालं. कान लावून ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं, धावत खाली जायचं कारण नव्हतं. हवं तितकं झोपायला तो मोकळा होता. संध्याकाळी मारित बोलवायला आली तेव्हा तो छताकडे बघत, डोळे टक्क उघडे ठेवून पडला होता.